सदर बाई माझे वडील आहेत

नत्थूजी झाडे यांच्या मिशा इतक्या भरघोस होत्या की कोळझरीत नव्यानं आलेल्या माणसाला ते निवृत्त फौजदार वाटायचे. खरं पाहिलं तर त्यांनी आयुष्यात दोनच कामं केली होती. एक तीन एकराची शेती आणि दुसरं पंचवीस वर्षं नाचणं.

बापूजी शाहिरांची खडी गंमत पार्टी एकेकाळी देवळी तालुक्यात नाव काढून होती. पोळा झाला की होळीपर्यंत पार्टीला फुरसत नसायची. डफ, ढोलकी, सवाल-जवाब, थोडी थट्टा, थोडा उपदेश, आणि मधोमध लुगडं नेसून नाचणारा एक पुरुष. त्याला नाच्या म्हणत. तो नाच्या म्हणजे नत्थूजी. पण हँडबिलावर त्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही. तिथं ठळक अक्षरात असायचं : ‘मैनाबाई हिंगणघाटवाली’. नत्थूजी तोवर हिंगणघाटला दोनदाच गेले होते, एकदा कापूस विकायला आणि एकदा दाढ काढायला. बापूजींचं म्हणणं असं की ‘कोळझरीची मैना’ म्हटलं तर कोळझरीचे लोकही पाहायला येणार नाहीत.

मग एका वर्षी नत्थूजींनी अचानक नाचणं सोडलं. नाचाच्या सामानाच्या पेटीला कुलूप लावलं आणि मिशा वाढवल्या. कारण कोणाला सांगितलं नाही. पुढं बापूजींचीही पार्टी मोडली. नत्थूजींनी नाच सोडल्याला आता बावीस वर्षं झाली.

ती पेटी उघडली सुनेनं. रुचिका बोरगाव मेघेची, बी.कॉम. झालेली, आणि गावातल्या निम्म्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म तिच्याच मोबाइलवरून भरले जायचे. असाच कोणाचा तरी फॉर्म भरताना तिला सरकारची एक योजना दिसली. वृद्ध कलावंतांना दर महिन्याला मानधन. वय पन्नासच्या वर पाहिजे आणि पंधरा वर्षं कला सादर केल्याचा पुरावा पाहिजे. सासऱ्यांनी कधीकाळी पार्टीत काम केलं होतं एवढं तिनं ऐकलं होतं. ती समजत होती, ढोलकी वाजवली असेल.

तिनं किल्ली मागितली. नत्थूजींनी आधी नाही म्हटलं, मग बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट पाहिलं आणि दिली.

पेटीत पिवळी पडलेली हँडबिलं होती, ‘मैनाबाईच्या अदाकारीने आर्वीकर घायाळ’ असं पेपरचं एक कात्रण होतं, आणि स्टुडिओत काढलेला फोटो होता. मागं पुठ्ठ्याचा धबधबा, पुढं हिरव्या लुगड्यातली, मान किंचित तिरपी केलेली एक बाई.

“मामाजी, या कोण?”

“मी.”

रुचिकानं फोटो पाहिला, मिशा पाहिल्या, पुन्हा फोटो पाहिला.

“किती सुंदर दिसत होत्या तुमी,” ती म्हणाली, आणि जीभ चावली. “होते.”

“होत्याच म्हण,” चुलीपाशी बसलेल्या सासूबाई, सुलोचनाबाई म्हणाल्या. “मी लग्नाआंधी पाह्यलं तं मलेबी वाटलं, ही बाई आपल्या गावात आली तं आपलं काई खरं नाई.”

संध्याकाळी मुलगा निकेश देवळीहून आला. तो किसनरावांच्या कृषी केंद्रात कामाला होता, बियाणं-खत विकायचा आणि दुकानाची पिकअप चालवायचा. खाटेवर पसरलेला पुरावा पाहून त्यानं चप्पलही काढली नाही.

“हे काऊन काढलं?”

रुचिकानं योजना सांगितली.

“नको म्हणतो ना मी! माह्या दुकानात तालुक्याचे लोक येतात. शाळेत मले ‘मैनाचा पोरगा’ म्हणत. मैदानात पोट्टे कमरेले रुमाल बांधून नाचून दाखवत. आता पुन्हा तेच पाह्यजे का?”

नत्थूजींनी फोटो उचलून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि रुचिकाकडं दिला. म्हणाले, “भर.”

फॉर्म भरला गेला. तीन आठवड्यांनी कागद तपासायला सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. तिथले बाबू बंडूजी स्वभावानं वाईट नव्हते, फक्त कागदाबाहेर त्यांना काही दिसत नसे.

“अर्जदार नत्थू झाडे, पुरुष,” त्यांनी वाचलं. “पुरावे मैनाबाईचे, स्त्री. या बाईला मानधन मिळू शकते. तुम्हाला कसं मिळेल?”

“तेच मी आहो.”

बंडूजींनी फोटो त्यांच्या गालाशी धरून पाहिला. “काका, बायकोचा फोटो लावून आजवर गंज लोक आले माझ्याकडं.”

“बायको माही सावळी आहे,” नत्थूजी म्हणाले.

“मग पार्टीच्या प्रमुखाचं पत्र आणा.”

बापूजी शाहीर चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि त्यांना ऐकू कमी यायचं. पण पत्र म्हटल्यावर ते ताठ बसले आणि रुचिकाला एका दमात मजकूर सांगितला. मैनासारखी कलावंतीण विदर्भात झाली नाही. तिच्या एका गिरकीवर दहेगावच्या पाटलाची पगडी पडली होती. आणि शेवटी, “तिने कलेसाठी लग्नसुद्धा केले नाही.” पंचवीस वर्षं स्टेजवरून हेच सांगत आल्यामुळं त्यांना आता ते खरंच वाटत होतं. रुचिकानं ती ओळ गाळायची म्हटली, तर बापूजींनी सही करायलाच नकार दिला.

बंडूजींनी पत्र दोनदा वाचलं.

“काका, ही बाई अविवाहित आहे. तुम्ही विवाहित आहात. एक मुलगा आहे, सून तर समोर उभी आहे.”

शेवटी प्रकरण मानधनाच्या निवड समितीसमोर गेलं, आणि समितीनं मार्ग काढला : अर्जदारानं वर्ध्याला येऊन, वेशभूषेसह, प्रत्यक्ष सादरीकरण करावं. खाली टीप होती : कपडे बदलण्याची सोय नाही.

म्हणजे घरूनच तयार होऊन जायचं. त्या सकाळी नत्थूजी अंगणात आरसा टेकवून बसले आणि त्यांनी मिशांना वस्तरा लावला. अर्ध्या मिशा उतरल्या तेव्हा निकेश दारात आला. त्यानं पाहिलं, गाडीची किल्ली घेतली आणि चहा न पिता निघाला. सुलोचनाबाई त्याचा डबा घेऊन मागोमाग गेल्या.

“तुह्या बापानं नाचणं काऊन सोडलं, माहीत आहे का?”

“वय झालं असंन.”

“चव्वेचाळीसचं वय होते का? तू सातवीत होता. एक दिवस शाळेतून आला आन् जेवला नाई. काऊन जेवला नाई ते सांगतलं नाई तू. यानंबी इचारलं नाई. दुसऱ्या दिवशी पेटीले कुलूप घातलं. मिशा ठेवल्या त्या तुह्यासाठी.” त्यांनी डबा त्याच्या हातात दिला. “भाकर गरम आहे. जा.”

निकेश गेला. पण गाडी बराच वेळ सुरू झाली नाही.

इकडं रुचिका आणि सुलोचनाबाईंनी मिळून मैना उभी केली. पाचवारी नको, नऊवारीच. कंबर सुटली होती म्हणून दोन सेफ्टी पिना जास्त लागल्या. केसांचा टोप उंदरानं थोडा कुरतडला होता, तो गजऱ्यानं झाकला. सहासष्ट वर्षांचे नत्थूजी उठून उभे राहिले, पदर खांद्यावर घेतला, आणि कोणी न सांगता त्यांची चाल बदलली. सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या, आणि मग त्यांनी पटकन जाऊन मीठ-मोहरी आणली आणि दृष्ट काढली.

एसटीत बापूजी डफ मांडीवर घेऊन बसले, शेजारी नत्थूजी, मागं रुचिका. कंडक्टर आला.

“आजोबा पंचाहत्तरच्या वर, तुमचं फुकट. ताईचं अर्धं. मावशी, तुमचंबी अर्धं.”

“मी मावशी नाई,” नत्थूजी म्हणाले. खोटं तिकीट काढणं त्यांना पटेना. “मी ज्येष्ठ नागरिक आहो.”

“मावशी, बाई म्हणूनबी अर्धंच आन् ज्येष्ठ म्हणूनबी अर्धंच. भांडून काय फायदा?”

बापूजींना एवढं मात्र ऐकू आलं. “म्हंजे आपल्या तिघात पूर्ण माणूस एकबी नाई,” ते म्हणाले.

वर्ध्याच्या एका सभागृहात जिल्हाभरचे म्हातारे कलावंत आले होते. भजनी होते, गोंधळी होते, एक बहुरूपी होता, तो साध्या शर्ट-पँटमध्ये असल्यामुळं कोणी त्याला ओळखत नव्हतं. नत्थूजी आत आले तसं एका भजनी बुवानं उठून त्यांना खुर्ची दिली. बुवांनी पाणीही आणून दिलं. कुठल्या गावच्या, एकट्याच राहता का, अशीही विचारपूस केली. रुचिकाला हसू आवरेना म्हणून ती बाहेर जाऊन उभी राहिली.

समितीत तिघं होते. मधल्या खुर्चीवर अधिकारी मॅडम, दोन बाजूंना दोन सदस्य. बंडूजी फायली देत होते. पाळी आली असं वाटून नाव पुकारायच्या आधीच बापूजी उठले, डफावर थाप मारली आणि नत्थूजी पुढं झाले.

गुडघे दुखत होते. पहिली गिरकी अर्धीच झाली. पण मग त्यांनी मान किंचित तिरपी केली आणि गळ्यातून तो जुना, पातळ, धारदार आवाज निघाला :

“सांग ना रे गाडीवाना, बाजाराले जाशील का?
कपाशीच्या ढिगावर मले बसवून नेशील का?”

डाव्या बाजूचे सदस्य मोबाइल पाहत होते, त्यांनी तो उलटा ठेवला. गोंधळ्यांपैकी एकानं बसल्या जागी संबळ धरलं. तिसऱ्या कडव्याला नत्थूजींनी मॅडमकडं बोट करून विचारलं, “तूबी येशील का?” आणि मॅडम चक्क “हो” म्हणाल्या. सभागृहात टाळ्या पडल्या.

“फारच छान, मावशी,” मॅडम म्हणाल्या. “बसा आता. बंडूजी, पुढचे नत्थू झाडे. बोलवा त्यांना.”

बंडूजींनी तीनदा पुकारा केला. “आले नाहीत, मॅडम. गैरहजर लिहू?”

“मीच नत्थू!” नत्थूजी म्हणाले.

बंडूजींनी आधार कार्ड काढलं. कार्डावर मिशांचा फौजदार होता. “मॅडम, मागच्या महिन्यात नत्थूजी माझ्या टेबलासमोर उभे होते. मी स्वतः पाहिलं आहे. ही त्यांची बहीण असेल.”

“बहीण नाई हो, मीच!” पण गंमत अशी की गळा एकदा मैनेच्या पट्टीत चढला की लवकर उतरत नसे. पूर्वीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते बायकी आवाजातच बैल हाकलायचे. जितकं जोरात ते सांगत, तितके जास्तच मैनाबाई वाटत.

मॅडम बापूजींकडं वळल्या. “आजोबा, तुम्ही ओळखता यांना? या कोण आहेत?”

“मैना!” बापूजी ठणकावून म्हणाले. “पन्नास वर्षांपासून ओळखतो. हिंगणघाटवाली!”

अंगठ्याचं मशीन आणलं. शेतात झिजलेला अंगठा मशीननं चार वेळा नाकारला. नत्थूजींनी वैतागून टोप काढला. खाली बारीक पांढरे केस होते. मघाचे भजनी बुवा दुःखानं म्हणाले, “अरेरे, बाईले काई तरी आजार झाला वाटते.”

नत्थूजी खाली बसले. महिन्याभरापूर्वी याच बंडूजींनी त्यांना सांगितलं होतं की तुम्ही मैना नाही. आज त्यांनी मैना होऊन दाखवलं, तर आता ते नत्थू नव्हते. टोप मांडीवर ठेवून ते पंख्याकडं पाहत राहिले. त्यांना पहिल्यांदाच वाटलं की घरी जावं.

मॅडमना कळत होतं की काहीतरी घोळ आहे. पण त्यांना सही करायची होती, आणि सहीला कागद लागतो. “रक्ताच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र आणा,” त्या म्हणाल्या. “दोन वाजेपर्यंत थांबते मी.”

रुचिका सून. सुनेचं नातं रक्ताचं नाही. तिनं बाहेर येऊन निकेशला फोन लावला आणि भरभर सगळं सांगितलं. पलीकडचा गोण्या टाकल्याचा आवाज थांबला. तिला वाटलं, रेंज गेली.

“अवो, आयकून राह्यले ना?”

“येतो,” निकेश म्हणाला.

एक वाजून गेल्यावर खताच्या गोण्या भरलेली पिकअप गेटसमोर थांबली. निकेश उतरला. वडिलांकडं त्यानं पाहिलं नाही, सरळ कडुलिंबाखाली बसलेल्या टायपिस्टकडं गेला.

टायपिस्ट बडवत चालला. “मी, निकेश नत्थूजी झाडे, वय चौतीस, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की... पुढं काय?”

“सदर बाई माझे वडील आहेत.”

टायपिस्टचे हात थांबले. “असं नाही लिहिता येत, भाऊ. बाई म्हटलं की ‘माझी’ येते, ‘आहे’ येते. माझे वडील आहेत, जमत नाही.”

“जमवा.”

“आई लिहू का? सोपं जाईल.”

“आई घरी आहे माही. तुमी लिहा मी सांगतो तसं.”

टायपिस्टनं लिहिलं, पण व्याकरणाची जबाबदारी आपल्यावर येऊ नये म्हणून शेवटी ‘वाचून पाहिले, मान्य आहे’ असंही टाकलं.

आत मॅडमनी कागद हातात घेतला आणि परत दिला. “मोठ्यानं वाचा. समितीसमोर.”

निकेश उभा राहिला. सभागृह भरलेलं होतं. देवळीचे दोघं-तिघं ओळखीचेही दिसले, त्यातला एक त्याच्याकडून दर हंगामात सोयाबीनचं बियाणं नेणारा. त्यानं वाचायला सुरुवात केली. ‘सदर बाई माझे वडील आहेत’ आलं तसं मागून कोणीतरी खुदकन हसलं. निकेशनं कागद खाली केला. आता हा चिडतो, असं रुचिकाला वाटलं.

“हसा,” तो म्हणाला. “हसवाचंच काम होतं यायचं.” आणि तो पुन्हा वाचू लागला.

“यांना या वेशात कधीपासून ओळखता?” मॅडमनी विचारलं.

“समजते तवापासून. आई लुगडं नेसवून दे आन् मी पिना धरून उभा राहो. स्टेजच्या मांगं डफाच्या खोळीवर झोपो. बारा वर्षांचा झालो आन् मले लाज वाटाले लागली. त्यायनं सोडून देल्लं.” त्यानं कागद मॅडमसमोर ठेवला. “हे तुमच्या कागदात नाई बसत, मॅडम. पण इचारलं म्हणून सांगतलं.”

मॅडमनी सही केली. बंडूजींनी शिक्का मारला, आणि मग उठून नत्थूजींजवळ येऊन हळूच म्हणाले, “काका, माफ करा. पण तुमचीबी चूक आहे. थोडं कमी चांगलं नाचायचं होतं.” भजनी बुवा मात्र पाणी प्यायला गेले ते परत आलेच नाहीत.

परतीला सगळे पिकअपमध्ये. पुढं नत्थूजी आणि बापूजी, मागं गोण्यांवर रुचिका, तिचा हट्टच होता तसा. देवळीत दुकानासमोर निकेशनं गाडी लावली. गोण्या उतरवायच्या होत्या. दुकानात किसनराव गल्ल्यावर बसले होते आणि बाकावर पाच-सहा शेतकरी.

“मी गाडीतच बसतो,” नत्थूजी म्हणाले. अंगावर लुगडं तसंच होतं. आवाज आता कुठं खाली उतरत होता.

निकेशनं त्यांच्या बाजूचं दार उघडलं. “उतरा बाबा. चहा घेऊ.”

“अरे, लोक आहेत.”

“असू द्या ना.”

नत्थूजी उतरले. बाकावरच्या लोकांनी सरकून जागा केली, म्हातारी बाई आली म्हणून. किसनरावांनी चष्मा वर केला. “निकेश, या कोण?”

“माहे बाबा. वर्ध्याले कार्यक्रम होता त्यायचा.”

किसनरावांनी नीट पाहिलं. तिरप्या मानेकडं पाहिलं, गजऱ्याकडं पाहिलं. मग साठीच्या त्या गंभीर व्यापाऱ्याचे कान लाल झाले.

“मैनाबाई?” ते जवळजवळ पुटपुटले. “हिंगणघाटवाली?”

“हाव जी,” नत्थूजी म्हणाले.

“मी... म्हणजे आम्ही कॉलेजात होतो. एका जत्रेत...” किसनरावांनी दुकानात आपली सून नाही ना, हे पाहून घेतलं. “मी चिठ्ठी पाठवली होती स्टेजमागं. उत्तर नाही आलं.”

नत्थूजी विचारात पडले. चिठ्ठ्या गंज यायच्या. “गुलाबी कागद होता का?”

“हो!”

“वाचता नाई आली. बापूजीनं त्यात चुना बांधला.”

बाकावरचे लोक असे हसले की एकाच्या हातातला चहा सांडला. बापूजींना काय झालं ते ऐकू आलं नाही, पण लोक हसताहेत म्हणून त्यांनी सवयीनं डफ उचलला. किसनराव आधी गोरेमोरे झाले, मग तेही हसले, आणि त्यांनी समोरच्या हॉटेलातून सगळ्यांसाठी गरम आलुबोंडे मागवले. निकेशनं पहिला बोंडा वडिलांच्या हातात दिला. मिशा नसल्यामुळं त्यांना खाताना चुकल्यासारखं होत होतं.

मंजुरीचा आदेश चार महिन्यांनी आला. मानधन नत्थूजींच्या खात्यात जमा होऊ लागलं. पहिल्या महिन्याच्या पैशात त्यांच्या गोळ्या आल्या आणि सुलोचनाबाईंना नवा चष्मा आला. चष्मा लावून त्यांनी आधी शेजारणीच्या घरात काय चाललं आहे ते पाहिलं आणि मग कुंकू नीट लावलं.